खांबेट्यांच्या गॅरेजमधलं बटण

स्पृहा खांबेटेचं लग्न एका बटणावर येऊन अडलं होतं, आणि ते बटण अजून बसवलेलंही नव्हतं.

बिबवेवाडीत खांबेट्यांचा जो बंगला आहे त्याला शेजारी बंगला म्हणत नाहीत, कारण शेजाऱ्यांचे बंगले मोठे आहेत. पण कसबा पेठेतल्या दोन खोल्या सोडून खांबेटे इथे आले तेव्हा कागदावर 'बंगला' असं लिहून घेतलेलं होतं, त्यामुळे तो बंगला आहे. त्याला गॅरेज आहे. गॅरेज मोटारीच्या मापानं बांधलंय. म्हणजे मोटार आत जाते, मग माणसानं बाहेर कसं यायचं हा ज्याचा त्याचा प्रश्न. छताला दोन ट्यूब आहेत. त्या लावायला भिंतीवर बटण मात्र नाही. गॅरेजच्या पार टोकाला, मोटारीच्या पलीकडे एक सॉकेट आहे. त्यात प्लग खुपसला की उजेड. थोडक्यात, उजेड करायचा तर आधी अंधारातून चालत जायचं. स्पृहाचे वडील श्रीनिवास खांबेटे ही वारंवारची मोहीम पोट आत ओढून पार पाडत आले होते. मागच्या महिन्यात त्यांचा गुडघा बंपरवर आपटला. बंपरला पोचा आला, असं ते सांगतात.

वायरमन बोलवला असता तर काम झालं असतं. पण श्रीनिवासराव गणिताचे निवृत्त शिक्षक. बिबवेवाडीतले सगळे वायरमन त्यांच्याकडे एकेकदा येऊन गेले होते. दुसऱ्यांदा कोणी आलं नव्हतं. शेवटच्यानं दारात "काय प्रॉब्लेम आहे काका?" असं विचारलं होतं. त्यावर श्रीनिवासराव म्हणाले होते, "तो तुम्ही सांगायचा. मी डॉक्टरलाही आजाराचं नाव सांगत नाही."

अशा घरी एप्रिलमधल्या एका शनिवारी शुभंकर गावंडे आला. मूळचा अकोल्याचा, आता धायरीत मित्रांबरोबर भाड्यानं राहणारा. स्पृहा आणि तो एकाच ऑफिसात. दोघांचं केव्हाच ठरलं होतं. आता फक्त मोठ्यांना ते त्यांनीच ठरवलंय असं वाटू द्यायचं होतं. स्पृहानं त्याला गेटवरच समज दिली होती. "पोह्यांचं कौतुक करू नकोस, बाबांना ते लाडीगोडी वाटतं. आणि नावंही ठेवू नकोस, आईनं केलेत."

"मग करू काय?"

"खा."

शुभंकरनं दोन बशा खाल्ल्या. दुसऱ्या बशीलाच तो स्पृहाच्या आईला, म्हणजे मंदाकिनीबाईंना, पसंत पडला. श्रीनिवासराव मात्र अजून शिक्षणापर्यंतच आले होते.

"इलेक्ट्रिकल इंजिनीअरिंग, काका. अमरावतीला."

"आणि काम?"

"सॉफ्टवेअर टेस्टिंग. म्हणजे एका विमा कंपनीचं ॲप आहे, त्यात बटणं असतात. ती दाबून बघायची, बरोबर चालतात का."

"आणि चाललं तर?"

"तर पुढचं बटण."

श्रीनिवासरावांनी चष्मा काढून पुसला. ते शाळेत चष्मा पुसायला लागले की वर्ग उठून उभा राहायचा. शुभंकरही उभा राहिला.

"बसा गावंडे, अजून काही घडलेलं नाही," श्रीनिवासराव म्हणाले. "आपण बटणांच्याच व्यवसायात आहात, तर आमच्याकडे एक बसवायचं आहे. गॅरेजच्या दाराशी, भिंतीवर. ही अट नाही. मी अटी घालत नाही. मी जेवून जरा पडतो, चारला उठतो. उठल्यावर गॅरेजच्या दारात उभा राहून बटण दाबेन. दिवे लागले तर बसून पुढचं बोलू."

"आणि नाही लागले तर?" स्पृहानं विचारलं.

"तर गावंड्यांना धायरीची बस कुठून मिळते ते मी सांगेन."

शुभंकर हसला. मग खोलीत आणखी कोणीच हसत नाहीये हे त्याच्या लक्षात आलं.

दोघं धावतपळत हार्डवेअरच्या दुकानात गेले. दुकानदारानं "किती अँपिअरचं?" म्हणून विचारलं, तर इलेक्ट्रिकल इंजिनीअरनं खिशातून मोबाइल काढला आणि दुकानदारानं छताकडे बघितलं. बटण, पेटी, वायर, स्क्रू, टेस्टर अशी पिशवी भरून ते परतले. जेवणं झाली. श्रीनिवासराव आपल्या खोलीत जाऊन आडवे झाले आणि डोक्यावरचा पंखा खरक्‌-खट्‌, खरक्‌-खट्‌ करत फिरू लागला.

काम तसं अवघड नव्हतं. ट्यूबची वायर सॉकेटकडे जाताना गॅरेजच्या दारावरूनच जात होती. त्यातली एक तार तोडायची, दोन्ही टोकं भिंतीवरून खाली आणायची, मध्ये बटण. संपलं. पण इंजिनीअरिंगमधलं बाकी सगळं विसरलेल्या माणसालासुद्धा कॉलेजच्या प्रयोगशाळेच्या दारावरची लाल पाटी विसरता येत नाही: काम सुरू करण्यापूर्वी मुख्य पुरवठा बंद करा. घराचा मेन स्विच श्रीनिवासरावांच्या खोलीबाहेरच होता. शुभंकरनं त्याला हात घातला.

"थांब!" स्पृहानं त्याचा हात धरला. "पंखा!"

इथे श्रीनिवासरावांच्या झोपेबद्दल थोडं सांगायला हवं. कसबा पेठेत त्यांचं बालपण तांबटांच्या शेजारी गेलं. दिवसभर तांब्याच्या हंड्यांवर ठोके पडत असायचे, आणि छोटा श्रीनिवास त्या ठणठणाटात गाढ झोपायचा. ठोके थांबले की दचकून उठायचा. ती सवय राहिली. एकसारख्या आवाजानं त्यांना कधीच जाग येत नाही. येते ती तो थांबल्यावर, किंवा मध्येच दुसरा आला तर. आणि दुपारच्या झोपेतून अवेळी जाग आली की पुढचे दोन दिवस घरात कोणी त्यांना काही विचारत नाही. लग्नाचं तर नाहीच नाही.

"मग मेन चालू ठेवूनच कर ना," स्पृहा कुजबुजली. "भांडी घासायचे रबरी हातमोजे आहेत. देऊ?"

"स्पृहा, मी तुझ्याशी लग्न करायला आलोय," शुभंकर म्हणाला, "आणि मला ते जिवंतपणी करायचंय."

"हळू बोल!"

"मेन बंद केल्याशिवाय मी तारेला बोटसुद्धा लावणार नाही. तुझे बाबा उठले तर उठू देत. नाही म्हणाले तर म्हणू देत. मी उद्या पुन्हा येईन, परवा येईन. पण यायला मी शिल्लक पाहिजे ना?"

स्पृहानं त्याच्याकडे पाहिलं. तिला एकाच वेळी त्याला ढकलून द्यावंसं आणि मिठी मारावीशी वाटली. वेळ नसल्यामुळे तिनं यातलं काहीच केलं नाही. ती आईकडे गेली.

मंदाकिनीबाईंनी सगळं ऐकून घेतलं, मोबाइल उचलला, पावलं न वाजवता नवऱ्याच्या खोलीत जाऊन पंख्याचा आवाज ध्वनिमुद्रित केला आणि बाहेर आल्या. "आता वाऱ्याचं बघा," त्या म्हणाल्या. त्यांना हेरखात्यात कोणी नोकरीला घेतलं नाही, हे त्या खात्याचं नुकसान.

वाऱ्यासाठी वर्तमानपत्र घेतलं, ते फार सळसळत होतं. सुपली घेतली, तिच्यात तांदळाची कणी होती. शेवटी भाच्याची लग्नपत्रिका सापडली. हल्ली पत्रिका इतक्या जाड पुठ्ठ्याच्या असतात की लग्न होऊन गेल्यावरही त्यांचा काही उपयोग व्हावा. स्पृहा पत्रिका घेऊन बाबांच्या उशाशी उभी राहिली, मंदाकिनीबाई सुपली झटकून पायाशी. मोबाइल उशीजवळ ठेवला. शुभंकरनं मेन खाली ओढला.

पंखा मंदावला, थांबला. त्याच क्षणी मोबाइलमधला पंखा सुरू झाला: खरक्‌-खट्‌, खरक्‌-खट्‌. दोघी वारा घालू लागल्या. श्रीनिवासरावांची भुवई जराशी हलली आणि स्थिर झाली.

शुभंकर गॅरेजमध्ये धावला. त्यानं पेटी भिंतीला लावली, पेन्सिलीनं खुणा केल्या, शेजाऱ्यांकडून मागून आणलेलं ड्रिल उचललं, भिंतीला टेकवलं, खटका दाबला आणि बघत राहिला. मग त्यानं स्पृहाला फोन लावला.

"ड्रिल चालत नाहीये," तो म्हणाला.

"का?"

"लाइट नाहीत."

वारा घालता घालता स्पृहानं डोळे मिटून घेतले. हा माणूस तिनं स्वतः निवडला होता. "मग आता?"

"इथे भिंतीत एक लाकडी गट्टू दिसतोय, जुन्या घंटीचा असेल. त्यात स्क्रू पिळतो. हातानं."

"पीळ. लवकर पीळ. माझा खांदा गेलाय."

तेवढ्यात जिन्यावर पावलं वाजली. शेजारच्या बंगल्यातल्या दीपमालाताई आल्या होत्या. "तुमच्याकडेच लाइट गेलेत का हो? आमच्याकडे आहेत म्हणून विचारायला..." असं म्हणत त्या खोलीच्या दाराशी पोचल्या आणि थबकल्या. पलंगावर श्रीनिवासराव शवासनात. उशाशी मुलगी लग्नपत्रिका हलवतेय, पायाशी बायको सुपली. पंखा बंद, पण त्याचा आवाज चालू.

"अगंबाई," दीपमालाताई पुटपुटल्या. "कधी झालं?"

"झोपलेत!" मंदाकिनीबाई दातांतल्या दातांत म्हणाल्या. "खाली मुलगा बटण बसवतोय. चारच्या आत बसलं तर लग्न. सुपली धरा जरा, हात भरून आला."

दीपमालाताई खरं तर मुलगा बघायलाच आल्या होत्या. लाइटचं निमित्त होतं. त्यांनी सुपली धरली आणि जोरात हलवली. सुपलीच्या फटींत राहिलेली कणी उडाली. श्रीनिवासराव शिंकले. तिघी गोठल्या. श्रीनिवासराव कुशीवर वळले. तिघींनी पलंगाला वळसा घालून पुन्हा जागा घेतल्या.

आणि मोबाइल बंद पडला. मंदाकिनीबाईंनी सकाळपासून तीन बहिणींना मुलाचं वर्णन कळवलं होतं, त्यात बॅटरी संपली होती. खोलीत शांतता पसरली, आणि या घरात शांततेइतकं भयंकर काही नव्हतं. श्रीनिवासरावांच्या पापण्या थरथरल्या.

"खरक्‌-खट्‌," दीपमालाताई म्हणाल्या.

सगळ्यांनी त्यांच्याकडे पाहिलं.

"खरक्‌-खट्‌, खरक्‌-खट्‌," दीपमालाताई गंभीर चेहऱ्यानं म्हणत राहिल्या. त्या भजनी मंडळात होत्या, लय पक्की होती. मंदाकिनीबाईंना हसू फुटलं. त्यांनी पदराचा बोळा तोंडात कोंबला, तरी खांदे हलायचे ते हललेच. ते बघून स्पृहाला फुटलं. ती भिंतीकडे तोंड करून, एक हात मागे धरून वारा घालत राहिली. डोळ्यांतून पाणी, नाकातून चमत्कारिक आवाज. "हसू नका गं," दीपमालाताई दोन खटांच्या मध्ये दम घेत म्हणाल्या, "खरक्‌... माझा ताल जातो... खट्‌!"

स्पृहाच्या कानाशी फोनवर शुभंकर विचारत होता, "तिकडे कोण आजारी आहे का?"

"तू स्क्रू पीळ!"

शेवटी शुभंकरनं "झालं" म्हटलं, धापा टाकत वर आला आणि मेन चढवला. छताचा पंखा हळूहळू फिरू लागला. दीपमालाताईंनी त्याचा वेग बघून आपला आवाज त्याच्याशी जुळवला आणि मग सावकाश माघार घेतली. तिघी बाहेर येऊन जिन्यावर बसल्या आणि एकमेकींना धरून हसल्या.

चारला श्रीनिवासराव उठले. तोंड धुतलं, इस्त्रीचा सदरा घातला आणि गॅरेजकडे निघाले. त्यांच्या मागे मंदाकिनीबाई, स्पृहा, शुभंकर, आणि आपण का जातोय याचं काहीही कारण न देता दीपमालाताई.

बटण नव्हतं म्हणायला जागा नव्हती. भिंतीवर, गॅरेजच्या दारात, हाताच्या उंचीवर पांढरं स्वच्छ बटण बसलं होतं. जरासं तिरपं. श्रीनिवासरावांनी मान तिरपी करून ते सरळ पाहिलं. मग तर्जनी उचलली आणि बटण दाबलं.

टक्‌.

दिवे लागले नाहीत.

त्यांनी बटण वर केलं, पुन्हा दाबलं. टक्‌. गॅरेज होतं तसंच अंधारं. शुभंकर पुढे सरकून बटणाकडे बघू लागला. रोज शेकडो बटणं दाबणाऱ्या त्या माणसाला आयुष्यात एकच बटण स्वतः बसवायला मिळालं होतं. "फेज तोडली, टोकं जोडली, टेप लावली..." तो स्वतःशी पुटपुटू लागला. स्पृहानं सगळ्यांदेखत त्याचा हात धरला. धायरीची बस कुठून मिळते ते तिलाही माहीत होतं, आणि आज ती त्या बसमध्ये त्याच्याबरोबर बसून जाणार होती, असं तिचं तेवढ्यात ठरूनही गेलं.

"गावंडे," श्रीनिवासराव म्हणाले, "प्लग लावलात का?"

"कुठला प्लग, काका?"

"ज्याच्यासाठी हे सगळं चाललंय, तो. मोटारीच्या मागचा. रोज दिवे घालवताना मी तो काढून ठेवतो. आजही काढलेलाच आहे."

शुभंकरच्या चेहऱ्यावर आधी काहीच उमटलं नाही. मग एकेक गोष्ट उमटत गेली. प्लग काढलेला होता. म्हणजे वायरीत वीज नव्हती. सकाळपासूनच नव्हती. त्यानं अख्ख्या घराचा मेन बंद केला होता तो, जिच्यात काहीच नव्हतं अशा एका तारेसाठी.

तो मोटारीच्या आणि भिंतीच्या मधून सरपटत आत गेला. काहीतरी आपटल्याचा आवाज आला, मग "काही नाही, काही नाही, माझंच डोकं", आणि मग दोन्ही ट्यूब एकदम झळकल्या. दीपमालाताईंनी टाळ्या वाजवल्या. श्रीनिवासरावांनी बटण वर केलं, दिवे गेले. खाली केलं, दिवे आले. असं त्यांनी आवश्यकतेपेक्षा बऱ्याच वेळा केलं.

"बाबा," स्पृहानं संशयानं विचारलं, "प्लग काढलेला आहे हे तुम्हाला माहीत होतं. मेन बंद केला तेव्हा तुम्ही झोपला होतात ना?"

"आज डोळा लागलाच नव्हता. नुसता पडून होतो."

"काय? मग सांगायचं ना!"

"कधी? दुपारी? दुपारी मी झोपलेलो असतो."

"पण तुम्ही जागे होतात!"

"जागा होतो, पण उठलो नव्हतो. चारच्या आत मी उठत नाही." ते दीपमालाताईंकडे वळले. "आपला पंखा आमच्यापेक्षा चांगला आहे. आमच्या खटाला तेवढी गोडी नाही."

दीपमालाताईंनी लाजून पदर सारखा केला.

शुभंकर मोटारीमागून बाहेर आला. केसांत जळमट, कपाळावर टेंगूळ. "सॉरी काका," तो म्हणाला. "नुसता प्लग बघायला हवा होता मी. एवढं साधं..."

"हो, साधंच होतं," श्रीनिवासराव म्हणाले. "इंजिनीअर म्हणून आपल्याला मी पन्नासपैकी अठरा दिले असते. पण मेनपाशी आपण जे बोललात ते मला आत ऐकू आलं. भिंती पातळ आहेत, बांधणाऱ्यानंही बंगला म्हणूनच पैसे घेतले होते. ही माझी मुलगी आहे ना, ती सुटलेल्या वायरीला 'बघू काय होतंय' म्हणून हात लावते. लहानपणापासून. तिची आईही तशीच आहे. या घरात घाबरणारा मी एकटाच. दुसरा एक मिळाला तर... म्हणजे, तसा विचार करायला हरकत नाही."

"म्हणजे हो?" स्पृहानं विचारलं.

"म्हणजे बरं."

"बरं म्हणजे हो का?"

"बरं म्हणजे बरं."

याच वेळी शुभंकरचा फोन वाजला. पडद्यावर त्याची आई. दुपारपासून अकोल्यात वाट बघून तिचा धीर संपला होता.

"काय रे शुभ्या, झालं का? जेवू घातलं का त्याईनं तुले?"

"आई, काका समोरच आहेत."

"मंग दे ना त्याईले!"

फोन श्रीनिवासरावांच्या हातात आला. त्यांनी तो आरशासारखा धरला.

"नमस्कार भाऊ! मी द्वारका, शुभंकरची माय. मागं उभे हायत ते त्याचे बाबा, बद्रीनाथ. ते लय बोलत नाईत, त्याईच्या वाटचं मीच बोलतो. पोरगं कसं वाटलं?"

"नमस्कार," श्रीनिवासराव म्हणाले. "आपले चिरंजीव तसे ठीक आहेत."

"ठीक म्हंजे?"

"म्हणजे आक्षेप घेण्यासारखं फारसं नाही."

अकोल्यात थोडी कुजबूज झाली. द्वारकाबाईंनी मागे वळून नवऱ्याला काहीतरी विचारलं, त्यांनी खांदे उडवले. "भाऊ," द्वारकाबाई परत पडद्यात आल्या, "आमाले हे कोर्टातलं बोलणं समजत नाई. पसंत हाय का नाई, येवढं सांगा. एका शब्दात. आमी वाईट वाटून नाई घेत."

श्रीनिवासरावांनी चष्म्याकडे हात नेला, पण त्या हातात फोन होता. त्यांनी बायकोकडे पाहिलं. ती मदतीला येण्याच्या बेतात दिसेना. मुलगी त्यांच्याकडेच बघत होती. शुभंकर उभाच होता, टेंगुळावर हात दाबून, आणि त्याच्या मागे गॅरेज लख्ख उजळलं होतं.

"हो," श्रीनिवासराव म्हणाले.

पलीकडे एकच गलका उडाला. "अरे बाप्पा! हो म्हणले! आयकलं का हो? हो म्हणले!" आणि लय न बोलणाऱ्या बद्रीनाथांचा आवाज सगळ्यांत मोठा होता: "ब्याग कुठी हाय? आजचीच गाडी भेटन!" मग फोनमध्ये नुसतं छत दिसलं, मग कोणाचं तरी कपाळ, मग तो बंद झाला.

शुभंकरनं वाकून नमस्कार केला, पण घाईत तो दीपमालाताईंना केला. स्पृहानं त्याला खांद्यांना धरून वळवलं. मंदाकिनीबाई मोटारीच्या बॉनेटवर बसल्या होत्या. नवऱ्याच्या तोंडून मागे 'पण' न लावलेला होकार त्यांनी स्वतःच्या लग्नातसुद्धा ऐकला नव्हता.

"मी हो म्हणालो?" श्रीनिवासरावांनी त्यांना हळूच विचारलं.

"म्हणालात."

"सरळ?"

"सरळ. एका शब्दात."

श्रीनिवासरावांनी हातातल्या फोनकडे पाहिलं. "पण..." त्यांनी सुरुवात केली.

"आता बोलून उपयोग नाही," मंदाकिनीबाई म्हणाल्या. "ते निघालेसुद्धा."